वाहतूक पोलिसाचा हात कशासाठी वर व्हावा

१५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी इंदूरच्या एअरपोर्ट रोडवर एक ट्रक कालानी नगरकडून बडा गणपतीच्या दिशेने सुसाट निघाला. त्या वेळी त्या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी होती. चालक दारू प्यायलेला होता. समोर येईल त्याला उडवत, एक मोटारसायकल खाली फरफटवत तो पुढे पुढे जात राहिला आणि शेवटी ट्रकने पेट घेतला. माणसं गेली, कित्येक जण जखमी झाले. मुख्यमंत्र्यांनी वाहतूक पोलिसांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हटवलं, आणखी काहींना निलंबित केलं. शहरात मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: बंदीच्या वेळी आत शिरलेलं एवढं मोठं धूड कुणाच्याच नजरेला कसं पडलं नाही? त्याला कुणी अडवलं का नाही?

यावरून बरेच लोक जो निष्कर्ष काढतात तो सरळ आहे. नियम लहान असो की मोठा, मोडला की अडवा; एकदा ढील दिली की असंच होणार. हे म्हणणारी माणसं चिडून म्हणतात, आणि त्यांचं चिडणं खरं आहे, कारण त्यांची मुलं रोज त्याच रस्त्यांवरून क्लासला जातात. मला त्याच घटनेतून उलटं दिसतं. चौकातल्या चार-पाच पोलिसांकडे वेळ मोजका असतो आणि डोळेही मोजकेच असतात. एक गाडी बाजूला घेतली की एक माणूस तिच्यात पाच-दहा मिनिटं अडकला. तेवढ्यात चौकातून शेकडो गाड्या निघून जातात. म्हणजे कुणाला अडवायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं ही निवड प्रत्येक मिनिटाला होतच असते. प्रश्न एवढाच की ती कशावरून होते. आज ती बहुतेक वेळा सोयीवरून होते. दुचाकी अडवायला सोपी, तिचा चालक हाताशी असतो, त्याच्याकडे एखादा कागद कमी निघण्याची शक्यता जास्त. ट्रक अडवायला जिगर लागते, जागा लागते, मागे उभं राहणारं कुणीतरी लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: जे उल्लंघन त्याच घडीला कुणाच्या तरी जिवावर उठणारं आहे, त्यासाठीच पोलिसाने गाडी अडवावी, आणि तिथे कुणाचीही गय करू नये. बाकीचं सगळं, म्हणजे कागदपत्रं, पीयूसी, बंद पडलेला मागचा दिवा, नंबरप्लेटवरची नक्षी, स्टॉप लाइनच्या पुढे गेलेलं चाक, चुकीचं पार्किंग, हे कॅमेऱ्यावर आणि घरी येणाऱ्या नोटिशीवर सोडावं. ते नियम रद्द करा असं मी म्हणत नाही. दंड व्हावा, जरूर व्हावा. त्यासाठी चालती गाडी रस्त्यात अडवू नये, इतकंच.

अडवणं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते एकदा जवळून बघायला हवं. संध्याकाळची गर्दी, एक मोठा चौराहा. वळण घेतल्यावर काही पावलांवर, झाडाच्या आडोशाने, एक बॅरिकेड तिरकं लावलेलं. लांबून ते दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच ते तिथे आहे. पाठीवर जेवणाची पेटी अडकवलेला एक मुलगा वळतो. “ए, साइड में ले.” त्याने गाडी पुरती थांबवायच्या आत एक हात हँडलवर येतो, चावी निघते आणि खिशात जाते. “लाइसेंस, रजिस्ट्रेशन, बीमा, पीयूसी दिखा.” मुलगा मोबाइलवर डिजिलॉकर उघडायला बघतो, चक्र फिरत राहतं. “सर, जाने दो ना, ऑर्डर लेट हो रही है.” त्याच सुमारास मागून आलेली एक बाई बॅरिकेड दिसताच कचकन ब्रेक दाबते, तिच्या मागचा रिक्षावाला कसाबसा बाजूला काढतो. हेल्मेट नसलेला एक पोरगा जागच्या जागी गाडी वळवून समोरून येणाऱ्या वाहनांत घुसतो, त्याच्यामागे एक शिपाई भर रस्त्यात दोन-चार पावलं धावतो. आणि याच वेळी काळ्या काचांची, हूटर लावलेली एक मोठी गाडी त्या बॅरिकेडला वळसा घालून शांतपणे निघून जाते. तिच्यासमोर हात वर होत नाही.

हे दृश्य कुठल्या एका शहराचं नाही. भोपाळ, नागपूर, वडोदरा, कुठेही उभे राहा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल. त्यात शिपाई वाईट आणि मुलगा चांगला असंही मला म्हणायचं नाही. उन्हातान्हात, धुरात आठ-दहा तास उभं राहणाऱ्या त्या माणसाला वरून आकडा मिळालेला असतो. आज किती चलान झाले, हा प्रश्न त्याला संध्याकाळी विचारला जातो. आज या चौकात किती जण वाचले, हे त्याला कोण विचारणार, आणि त्याने ते दाखवायचं तरी कसं? जे मोजलं जातं तेच केलं जातं. पण त्या पाच मिनिटांत रस्ता आधीपेक्षा जास्त धोकादायक झाला, हे तर उघड आहे. एका दंडासाठी तीन अपघात होता होता टळले.

आणि कधीकधी ते टळत नाहीत. मे २०२५ मध्ये कर्नाटकातल्या मंड्या इथे एक जोडपं तीन वर्षांच्या मुलीला दुचाकीवरून दवाखान्यात नेत होतं. तिला कुत्रा चावला होता. हेल्मेट तपासणीसाठी पोलिसांनी गाडी अडवली, त्या गडबडीत मुलगी रस्त्यावर पडली आणि गेली. तीन सहायक उपनिरीक्षक निलंबित झाले. त्याआधी मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसलेला एक माणूस तपासणीला थांबला नाही, तेव्हा एका पोलीस निरीक्षकाने पाठलाग करून त्याच्या गाडीला लाथ मारली. मागे बसलेली त्याची बायको खाली पडून मेली. हेल्मेटचा नियम डोकं वाचवण्यासाठी केलेला आहे. तो राबवताना माणूस मरतो तेव्हा ‘एका व्यक्तीचं चुकलं’ एवढं म्हणून भागत नाही. राबवण्याची पद्धतच तपासावी लागते.

कायद्यात काय आहे ते बघितलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर परवाना दाखवणं बंधनकारक आहे. त्याबद्दल वाद नाही. पण गाडीची चावी काढून घ्या असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचे कागद मूळ कागदांइतकेच चालतात. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणखी एक बदल झाला: कागदपत्रांची खातरजमा पोर्टलवर होत असेल तर ती प्रत्यक्ष मागायची नाहीत. कुठल्या गाडीचा विमा संपला, कुणाची पीयूसी नाही, कुणाच्या नावावर जुने चलान बाकी आहेत, हे सगळं नंबरप्लेटवरून सरकारला घरबसल्या दिसतं. मग फक्त हे बघण्यासाठी माणसाला रस्त्याच्या कडेला उभं का करायचं? कर्नाटकचे तेव्हाचे पोलीस महासंचालक प्रवीण सूद यांनी जून २०२२ मध्ये हेच जाहीरपणे सांगितलं होतं: डोळ्यांना दिसेल असं उल्लंघन झालेलं नसेल तर केवळ कागद तपासायला कुठलीही गाडी अडवू नका; अपवाद फक्त दारू पिऊन गाडी चालवण्याचा. पुढे त्याच राज्यात मंड्याची घटना घडली, यावरून एवढंच कळतं की वरून निघालेला आदेश चौकापर्यंत पोचवण्याचं काम वेगळं आणि फार चिवटपणे करावं लागतं.

अडवलं जातं कोण, हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत दुखरा भाग आहे. इंदूरची गाडी एमपी ०९. भंवरकुआँच्या आसपास खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षेचे क्लास करणारी हजारो मुलं खरगोन, धार, खंडव्याहून येतात. त्यांच्या गाड्यांवर एमपी १०, एमपी ११, एमपी १२ असतं आणि ते लांबूनच ओळखू येतं. जळगाव-धुळ्याकडचे आपले पाहुणे लग्नकार्याला गाडीने येणार असले की आपण फोनवर पहिल्यांदा काय सांगतो? “एमएच पासिंग आहे, कागद सगळे जवळ ठेवा, आणि चौराह्यावर उगाच घाई करू नका.” इंदूरच्या रामबागेतल्या, सुदामा नगरातल्या कुठल्याही मराठी घरात हे वाक्य ऐकायला मिळेल. यात नियम मोडल्याचा कुठे संबंधच नाही. परक्या नंबराची गाडी असणं हेच पुरेसं आहे, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत. भाजीचा लोडिंग रिक्षा, बांधकामावरचा मजूर, जेवण पोचवणारा मुलगा, बाहेरगावचा विद्यार्थी: ज्याच्याकडे एक फोन फिरवण्याइतकी ओळख नाही तो थांबतो. ज्याच्याकडे आहे तो गाडीच्या काचेतून फोन पुढे करतो, “लो, बात करो.” गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. ती वृत्ती काही त्यांच्याबरोबर गेली नाही.

कॅमेऱ्यातही दोष आहेत, त्यांच्याकडे मी येतोच. पण त्याला फोन देता येत नाही, आणि त्याला एमपी ०९ काय आणि एमपी १२ काय, दोन्ही सारखेच.

अमेरिकेत हाच वाद गेली काही वर्षं फार कडवटपणे चालू आहे. तिथे कळीचा मुद्दा वंशाचा आहे. १९९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वाहतुकीचा लहानसा नियम जरी मोडला असेल तरी पोलिसाला गाडी थांबवता येईल, मग त्याच्या मनातला खरा हेतू दुसराच का असेना. म्हणजे एक मागचा दिवा बंद आहे हे निमित्त, आणि खरं कारण ड्रग्ज शोधायचे. २०१६ मध्ये मिनेसोटात असाच मागचा दिवा बंद असल्याचं कारण देऊन एका कृष्णवर्णीय माणसाला अडवलं आणि काही सेकंदांत पोलिसाच्या गोळीने तो मेला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सुमारे दहा कोटी थांबवण्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा चेहरा दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी होतं. फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून आठ किरकोळ उल्लंघनांसाठी गाडी थांबवणं बंद केलं. ती उल्लंघनं तिथे अजूनही उल्लंघनंच आहेत, दंडही होतो; फक्त गाडी त्यासाठी अडवायची नाही.

मला यात उपयोगी वाटतं ते नॉर्थ कॅरोलायनातल्या फायेटविल शहराचं उदाहरण. तिथल्या पोलीसप्रमुखाने २०१३ ते २०१६ या काळात आपल्या माणसांना सांगितलं की वेग, सिग्नल तोडणं, दारू यांसाठी गाड्या थांबवा. कागद आणि दिव्यांच्या मागे लागू नका. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं की अपघात कमी झाले, थांबवल्या जाणाऱ्यांतला वंशाचा फरक कमी झाला आणि गुन्हे वाढले नाहीत. लक्षात घ्या, त्यांनी अडवणं सोडलं नाही. ते योग्य ठिकाणी वळवलं. आपल्याकडे वंशाच्या जागी पासिंग आहे, कपडे आहेत, गाडीची किंमत आहे, तेव्हा तिकडचं सगळं जसंच्या तसं इकडे लागू होणार नाही. पण पोलिसाचा वेळ जीव घेणाऱ्या गोष्टींवर खर्च केला तर जीव वाचतात, हे कुठल्याही देशात खरं असायला हरकत नाही.

आता हेल्मेट. माझ्या बाजूवरचा सगळ्यांत जड आक्षेप हाच आहे. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. एका वर्षात पन्नास हजार. हे डोळ्यांसमोर ठेवून हेल्मेटला किरकोळ म्हणण्याची माझी छाती होणार नाही. कायदाही ते किरकोळ मानत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, अशी तरतूद आहे. तरीही माझं उत्तर बदलत नाही, कारण हेल्मेट नाही हे कॅमेऱ्याला माणसाइतकंच, किंबहुना जास्त नीट दिसतं. केरळने जून २०२३ मध्ये राज्यभर ७२६ कॅमेरे लावून दंड सुरू केला. त्यांत हेल्मेट, सीट बेल्ट, गाडीवर तिघं बसणं, चालवताना फोन, हे सगळं टिपलं जातं. आपल्या चौकातलं हेल्मेट बघा. कित्येकांच्या ते कोपरात अडकवलेलं असतं. पोलीस दिसला की डोक्यावर चढतं, चौक मागे पडला की पुन्हा कोपरात. कारण पोलीस कुठल्या चौकात, किती वाजेपर्यंत असतो हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. कॅमेरा रात्री दहानंतर घरी जात नाही. माणूस दंडाच्या रकमेपेक्षा पकडलं जाण्याच्या खात्रीला जास्त वचकतो. २०१९ साली वाढीव दंडावरून केवढा गदारोळ झाला, आपल्या मध्य प्रदेशाने ते दर लगेच लागूही केले नाहीत. पण दंड दुप्पट असो की चौपट, पकडले जाण्याची शक्यता शंभरात एक असेल तर माणूस नव्याण्णवांवर विसंबतो.

इंदुरात १ ऑगस्ट २०२५ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांनी शहरात बैठक घेऊन हेल्मेटची सक्ती करा असं सांगितल्यानंतरचा तो आदेश होता. हेतू उत्तम होता. पण पहिल्याच दिवसांत एक दूधवाला डोक्यावर कॅनचं झाकण ठेवून पेट्रोल भरताना सगळ्या देशाने पाहिला. पंपावरचा पोरगा काही पोलीस नव्हे. त्याच्यावर आपण कायदा राबवण्याचं ओझं टाकलं. आणि जिथे गाडी उभी असते तिथे हेल्मेट घातलं की नाही हे तपासलं, जिथे ती धावते तिथे नाही.

कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायचा तर त्याचे दोष आधी निस्तरायला हवेत, आणि ते थोडे नाहीत. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरचं चलान जुन्या मालकाला येतं, कारण नाव बदललेलं नसतं. पत्ता जुना, मोबाइल नंबर दुसऱ्याचा, त्यामुळे कित्येकांना नोटीस पोचतच नाही. पाच-सात चलान साचल्यावर एक दिवस चौकात गाडी जप्त होते तेव्हा कळतं. एकाच नंबराच्या दोन गाड्या फिरतात, आणि प्रामाणिक मालक सिद्ध करत बसतो की तो मी नव्हे. नंबरप्लेट वाकवलेली, चिखल फासलेली, ती तर कॅमेऱ्याला वाचताच येत नाही. यावर नियम आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने कॅमेऱ्यांमार्फत नियम राबवण्याचं कलम १३६अ आलं. त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ आला. तो सांगतो की दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत असे कॅमेरे लावा. यंत्राची दरवर्षी तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालेलं असलं पाहिजे. पुढे कॅमेरा आहे अशी पाटी लावा. आणि उल्लंघन झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुराव्यासह नोटीस पाठवा. इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्ही त्या नियमातल्या शहरांच्या यादीत आहेत. पुढे कॅमेरा आहे ही पाटी मला फार महत्त्वाची वाटते. झाडाआडच्या बॅरिकेडमागचा विचार नेमका उलटा आहे: दिसायचं नाही आणि पकडायचं. पाटीमागचा विचार असा की बाबा, सांगून ठेवतो आहोत, तू वेग कमी केलास की आमचं काम झालं.

चुकीच्या चलानाविरुद्ध दाद मागण्याची सोय मात्र आज फारच दुबळी आहे. तीनशे-पाचशे रुपयांसाठी कोण अर्ज करत बसणार, म्हणून माणूस भरून टाकतो, किंवा लोक अदालतीची वाट बघतो. ज्या दिवशी एखाद्या आजोबांना घरी बसून मोबाइलवर तो फोटो बघता येईल, ‘ही माझी गाडी नाही’ एवढं बटण दाबता येईल आणि आठवड्यात माणसाने लिहिलेलं उत्तर मिळेल, त्या दिवशी कॅमेऱ्याबद्दल बोलण्याचा शासनाला खरा अधिकार येईल. त्याआधी नुसते कॅमेरे वाढवत जाणं ही नवी वसुली ठरेल, आणि मी तिचं समर्थन करणार नाही.

आणखी एक आक्षेप पोलिसांकडून येतो: गाड्या अडवल्या की चोर सापडतात, कट्टे सापडतात, चोरीच्या दुचाक्या सापडतात. सापडतात, हे खरं आहे. त्यासाठी नाकाबंदी करा. खबर असेल, गुन्हा घडला असेल, सणासुदीचा बंदोबस्त असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाने, पुरेसा उजेड असलेल्या जागी, सगळ्या गाड्या तपासा, त्यांत काळ्या काचांच्याही आल्या. गुन्हा शोधायचा असेल तर तसं सांगून शोधा. पीयूसीचं निमित्त करून माणसाची डिकी उघडायला लावू नका.

मग चौकातल्या पोलिसाने करायचं काय? करण्यासारखं इतकं आहे की आजची माणसं पुरणार नाहीत. दारू प्यायलेला चालक कॅमेऱ्याला ओळखू येत नाही. त्याच्या तोंडासमोर यंत्र धरणारा माणूसच लागतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री विजय नगरच्या बाजूला ते यंत्र घेऊन पोलीस उभे राहिले तर मी त्यांना हात जोडेन. उलट्या बाजूने येणारा माणूस तिथल्या तिथे अडवलाच पाहिजे, कारण नोटीस घरी पोचेपर्यंत समोरचा मेलेला असेल. चौदा-पंधरा वर्षांचं पोर गाडी पळवत असेल तर त्याला थांबवायचं, गाडी ठेवून घ्यायची आणि बापाला बोलवायचं. कलम १९९अ मध्ये पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यासाठीच आहे. शाळेच्या व्हॅनमध्ये दप्तरांसारखी कोंबलेली मुलं दिसली की ती व्हॅन पुढे जाता कामा नये. आणि बंदीच्या वेळी शहरात शिरू बघणारा ट्रक. तो शहराच्या वेशीवर, सुपर कॉरिडॉर असो, गांधी नगर असो की रिंग रोड, आत यायच्या आधी उभा राहिला पाहिजे. कागदावर तोही ‘दंड भरा आणि सुटा’ अशातलाच गुन्हा आहे. म्हणून तर मी म्हणतो की किरकोळ काय आणि गंभीर काय, हे दंडाच्या रकमेवरून ठरवू नका, पुढच्या पाच मिनिटांत त्यातून काय होऊ शकतं त्यावरून ठरवा.

या शहराने कचऱ्याच्या बाबतीत हे करून दाखवलेलं आहे. स्पॉट फाइन होता, पण इंदूर केवळ दंडाने स्वच्छ झालं नाही. आधी घरोघरी गाडी आली, रोज आली, ओला-सुका वेगळा घेऊ लागली, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. रस्त्यावर कचरा टाकण्याचं कारणच उरलं नाही, आणि त्यानंतरही टाकणाऱ्याला दंड झाला. वाहतुकीत आपण ही पहिली पायरीच गाळतो. स्टॉप लाइन पुसली गेलेली, पार्किंगला जागा नाही, फूटपाथवर दुकानं, आणि चौकात एकदम दंड. बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांची वेगळी मार्गिका, उभी राहिली, चालली, न्यायालयाच्या हुकमाने तोडायलाही घेतली. त्या सगळ्या काळात एबी रोड पायी ओलांडायला सुरक्षित झाला नाही तो नाहीच.

शेवटची गोष्ट नोंदीची, आणि ती मला सगळ्यांत तातडीची वाटते. आपल्याकडे चलान मोजले जातात, अडवणं मोजलं जात नाही. महिनाअखेर वर्तमानपत्रात येतं की इतके चलान झाले, इतके लाख वसूल झाले. पण जो अडवला गेला, दहा मिनिटं उभा राहिला आणि चलान न होता सुटला, त्याची कुठेही नोंद नसते. तो कागद पूर्ण होते म्हणून सुटला, ओळख निघाली म्हणून सुटला, की हातात काही ठेवलं म्हणून? पावती नाही म्हणजे प्रश्नच नाही. जी काही मुजोरी, जो काही भेदभाव, जी काही देवाणघेवाण होत असेल ती याच बिननोंदीच्या जागेत होते. अमेरिकेत दहा कोटी नोंदी तपासता आल्या, कारण त्या कुणीतरी ठेवल्या होत्या.

आपल्याकडेही नियम आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या त्याच दुरुस्तीत म्हटलं आहे की कागदपत्रं तपासली की तपासणीची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवली जावी, म्हणजे एकाच गाडीची उगाच पुन्हा पुन्हा तपासणी होणार नाही आणि चालकाला त्रास होणार नाही. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे. चौकातल्या सुभेदारांच्या, म्हणजे वाहतूक पोलीस अधिकाऱ्यांच्या, हातात चलानाची मशिनं आहेत. तेव्हा अडवलेल्या प्रत्येक गाडीची नोंद त्या मशिनवर व्हावी, चलान होवो न होवो: कुठे अडवली, किती वाजता, कशासाठी, कुणी, किती वेळ थांबवली आणि पुढे काय झालं. चालकाच्या मोबाइलवर तसा संदेश जावा. आणि दर महिन्याला आयुक्तालयाने चौकवार आकडे जाहीर करावेत: दारूसाठी किती अडवले, उलट्या दिशेसाठी किती, नो एन्ट्रीतले ट्रक किती, आणि नुसते कागद बघायला किती. पुढच्या नगरसेवकाला, आमदाराला मत मागायला आल्यावर आपण एवढं एकच विचारावं, की हे आकडे जाहीर करायला लावाल का, आणि कधीपासून.